पाणी चढण्याआधी : सातारा-सांगलीच्या पाळकांना आणि पंचांना खुले पत्र

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील सर्व मंडळ्यांचे आदरणीय पाळक, पंच, महिला मंडळांच्या पदाधिकारी आणि तरुण संघांचे पुढारी यांस,



पत्रास कारण असं, की पावसाळा तोंडावर आला आहे आणि आपल्या चर्चच्या सूचनाफलकावर त्याचा मागमूस नाही. फलकावर वार्षिक सभेची तारीख आहे, सुटीतल्या बायबल शाळेचं वेळापत्रक आहे, दफनभूमीच्या भिंतीसाठी वर्गणीचं आवाहन आहे. कृष्णेला पाणी आलं तर सांगलीतल्या सूर्यवंशी प्लॉटातल्या, दत्तनगरातल्या, सांगलवाडीतल्या आपल्या कुटुंबांनी कुठं यायचं, हॉलची किल्ली कोणाकडे असेल, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना उचलून कोण आणेल, याबद्दल एक ओळ नाही. मी मिरजेत परिचारिकेची नोकरी करून निवृत्त झाले. ऑक्सिजनचा सिलिंडर पेशंट आल्यावर नव्हे, येण्याआधी तपासायचा, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. मंडळीच्या कारभारात ही रीत का नसावी, या प्रश्नातून हे पत्र निघालं आहे.

कोणा एका पाळकसाहेबांवर हा रोख नाही. चार-चार गावांच्या मंडळ्या एका दुचाकीवर सांभाळणारे, तुटपुंज्या मानधनात संसार करणारे, रात्री दोन वाजता दवाखान्यात येऊन प्रार्थना करून जाणारे पाळक मी नोकरीच्या काळात पाहिले आहेत. कष्टाबद्दल माझी तक्रार नाही, दिशेबद्दल आहे. संकट आलं की आपण त्याचा अर्थ सांगायला बसतो. ते येण्याआधी माणसांना त्यासाठी तयार करत नाही. एवढं एकच माझं म्हणणं आहे. पुढच्या तक्रारी आणि विनंत्या त्यातूनच आलेल्या आहेत.

आपल्या भागात संकट नवखं नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेची जमीन हादरली आणि झोपेतली माणसं घरांखाली गेली. 2005 मध्ये कृष्णेनं सांगलीत शिरून दाखवलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. त्या पुलावर 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी आहे, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. दोन वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, पाण्यानं पुन्हा 50 फूट ओलांडले आणि त्याच पावसात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला. पूर्वेकडे माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांचं दुखणं उलटं, तिथं पाण्याचीच वाट पाहायची. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेनं लातूरला गेलं, तेव्हा आपल्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात टँकरपुढे रांगा होत्या. मधल्या काळात करोना आला; राज्यातल्या पहिल्या मोठ्या साखळ्यांपैकी एक मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात सापडली. एवढं भोगलेल्या भागातली मंडळी दर वेळी गोंधळून उभी राहते. याला दैव म्हणून चालणार नाही.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार उपदेशाची. महापूर ओसरला, घरातला गाळ अजून निघाला नव्हता, आणि एका मंडळीत मी उपदेश ऐकला तो नोहाच्या जहाजावर. सूर असा, की लोकांचं पाप वाढलं म्हणून पाणी वाढलं. समोरच्या बाकांवर बसलेल्यांत ज्यांचा संसार वाहून गेला होता अशी कुटुंबं होती. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्यांची बोट उलटली आणि 17 जण गेले. त्यांत बाया होत्या, लेकरं होती. ती बाकीच्या जिल्ह्यापेक्षा जास्त पापी होती का? हा प्रश्न माझा नाही, प्रभू येशूचा आहे. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असं समजता का, असं त्यानं विचारलं आणि स्वतःच नाही असं उत्तर दिलं. लूकच्या शुभवर्तमानाचा 13 वा अध्याय आपण जाणताच. मग आपल्या व्यासपीठावरून उलटं का सांगितलं जातं?

पापाबद्दल बोलूच नका, असं मी म्हणत नाही. उलट नेमकं बोला. पूररेषेच्या आत प्लॉट कोणी पाडले, ते विकत घेताना आपण डोळेझाक का केली, ओढे बुजवून त्यांवर भिंती कोणी बांधल्या, धरणांतून पाणी सोडण्याचा मेळ दोन राज्यांना वेळेवर का घालता आला नाही, बोटीत लाइफ जॅकेट का नव्हती? ही सगळी माणसांची पापं आहेत आणि त्यांना पत्ते आहेत. त्यांवर उपदेश केला तर काही श्रोते नाराज होतील, पण पुराला बळी पडलेल्यांच्या माथी पाप मारण्यापेक्षा ते बरं.

दुसरी तक्रार खुणा आणि तारखा शोधण्याची. 2021 च्या दुसऱ्या लाटेत माझ्याकडे जेवढे संदेश आले, त्यांत लस म्हणजे श्वापदाची खूण, लशीत चिप आहे, 666 आकडा दडलेला आहे, असे कितीतरी होते. आणि ते पाठवणारी माणसं नियमित उपासनेला येणारी होती. साठीपुढच्या बहिणींना लस घ्यायला तयार करताना मला वैद्यकीय ज्ञानाइतकंच प्रकटीकरणाचं पुस्तक उघडावं लागलं. ते पुस्तक आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना छळाच्या काळात धीर धरण्यासाठी लिहिलेलं आहे, कोडी सोडवण्यासाठी नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही, असं खुद्द प्रभूनं सांगून ठेवलं असताना आपल्याकडे बाहेरगावचे वक्ते येतात, तंबू ठोकतात, युद्धाच्या बातम्यांची कात्रणं दाखवतात आणि शेवट किती जवळ आला याचा हिशेब मांडून जातात. दुसऱ्या दिवशी भीती राहते आणि तयारी शून्य. ज्याला जग उद्या संपणार असं वाटतं, तो म्हाताऱ्या शेजारणीच्या गोळ्यांचा साठा कशाला करील? माझी विनंती आहे, की वर्षातून एकदा प्रकटीकरणावर सलग चार रविवार शिकवा. खुद्द पाळकसाहेबांनी शिकवावं, पाहुण्या वक्त्यानं नव्हे. सात मंडळ्यांना काय सांगितलं होतं आणि त्यातलं आपल्याला काय लागू आहे, एवढंच सांगा.

तिसरी तक्रार माझ्या पेशाशी निगडित आहे, म्हणून ती थोडी सविस्तर लिहिते. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणं मला मान्य आहे, मी स्वतः आयुष्यभर केली. पण प्रार्थना झाली, आता इन्सुलिन बंद, आता क्षयाच्या गोळ्या बंद, आता फिटच्या गोळ्या बंद, असं सांगणाऱ्या सभा आपल्या अवतीभवती भरतात आणि आपण त्याबद्दल गप्प बसतो. सहा महिन्यांचा क्षयाचा कोर्स दुसऱ्या महिन्यात सोडलेला रुग्ण परत येतो, तेव्हा साधी औषधं त्याला लागू पडेनाशी झालेली असतात. घरच्यांनाही लागण झालेली असते. याला विश्वासाची साक्ष कसं म्हणायचं? मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं सैतानानं सुचवलं तेव्हा देवाची परीक्षा पाहू नये, असं प्रभूनं उत्तर दिलं. औषध फेकून देणं ही तीच उडी आहे.

हे कुठं घडतंय, तर मिरजेच्या आसपास! डॉक्टर विल्यम वानलेस 1889 मध्ये हिंदुस्थानात आले, आधी सांगलीत काम केलं, मग मिरजेला गेले आणि 1894 मध्ये तिथं रुग्णालय उभं राहिलं. दूरदूरच्या संस्थानांतून आणि जिल्ह्यांतून माणसं बैलगाड्यांनी, रेल्वेनं मिरजेला येत. क्षयाच्या रोग्यांसाठी उभारलेल्या आरोग्यधामामुळे एका वस्तीचं नावच वानलेसवाडी पडलं. कुष्ठरोग्यांसाठी वेगळं रुग्णालय झालं. वाईला अमेरिकन मराठी मिशनचं रुग्णालय होतं. शस्त्रक्रियेआधी प्रार्थना व्हायची आणि प्रार्थनेनंतर शस्त्रक्रिया व्हायची; त्या माणसांना या दोन गोष्टींत भांडण दिसलं नाही. मिरज आज दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं, त्याचा पाया या विश्वासानं घातला आहे. त्याच गावाच्या वेशीवर औषध सोडायला सांगणारा उपदेश ऐकून घ्यायचा असेल, तर वानलेस साहेबांचे फोटो भिंतीवरून उतरवून ठेवलेले बरे.

याहून जुना दाखला हवा असेल तर मार्टिन ल्यूथरचा घ्या. 1527 मध्ये प्लेगच्या दिवसांत एका पाळकानं त्याला विचारलं, की रोगापासून पळून जावं का. ल्यूथरनं उत्तरादाखल खुलं पत्रच लिहिलं. सार असं : प्रार्थना करा, घर धुरी देऊन शुद्ध करा, औषध घ्या आणि द्या, जिथं आपली गरज नाही तिथं जाऊन रोग पसरवू नका, पण शेजाऱ्याला आपली गरज असेल तर मागे हटू नका. ज्यांच्यावर लोकांची जबाबदारी आहे, त्यांनी तर जागा सोडूच नये, असंही त्यानं बजावलं. पाचशे वर्षांपूर्वीचं हे पत्र 2020 च्या मार्चमध्ये आपल्या प्रत्येक मंडळीत वाचून दाखवायला हवं होतं.

कायद्याचंही बोलते. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणारे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. काही भावांना हा कायदा आपल्या विरोधात वाटतो. मला तसं वाटत नाही. आजाऱ्याला वैद्यापासून तोडणारा कोणत्याही धर्माचा असो, त्याला अडवणं हे प्रभूचंच काम आहे. ज्यानं एक शुभवर्तमान लिहिलं तो लूक स्वतः वैद्य होता. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक आरोग्य-प्रार्थनेच्या शेवटी व्यासपीठावरून मोठ्यानं सांगावं, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही औषध बंद करू नये. एवढ्या एका वाक्यानं माणसं वाचतात.

चौथी तक्रार अशी, की आपल्या उपासनेत रडायला जागा उरलेली नाही. गाणी सगळी विजयाची, साक्षी सगळ्या यशाच्या. ज्याचा मुलगा गेला, ज्याचं कर्ज फिटेना, ज्याच्या घरात दारूनं धुमाकूळ घातला आहे, तो मागच्या बाकावर बसतो आणि आपल्याच विश्वासात खोट आहे असं समजून हळूहळू यायचा बंद होतो. स्तोत्रसंहिता उघडून पाहा. तिच्यात मोठा भाग आक्रोशाचा आहे, देवाला थेट जाब विचारणारा आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तेवढंच त्यांच्या हातून चांगलं घडलं. तोंड उघडून कारणं सांगायला लागले आणि शेवटी देवाच्या रागाला पात्र झाले.

करोनाच्या काळात हे फार बोचलं. 2020 चा उत्तम शुक्रवार आणि 12 एप्रिलचा ईस्टर घरात गेला. प्रार्थनास्थळं 16 नोव्हेंबरला उघडली, 2021 च्या ईस्टरनंतर पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबरला परत उघडली. या मधल्या काळात कितीतरी माणसं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, दोन-चार माणसांच्या हजेरीत मातीआड गेली. कुठं पाळक पोहोचू शकले नाहीत आणि जमलेल्यांपैकी एकालाही कबरेशी करायची प्रार्थना येत नव्हती. दारं उघडल्यावर आपण आभारप्रदर्शनाच्या उपासना घेतल्या. गेलेल्यांची नावं घेऊन, त्यांच्या माणसांना मोकळेपणानं रडू देणारी एक तरी उपासना किती मंडळ्यांत झाली? न रडलेलं दुःख पुढच्या संकटात दुप्पट होऊन समोर येतं, हे मी वॉर्डात पाहिलं आहे. दर वर्षी एक रविवार शोकाचा ठेवा. त्या दिवशी विजयाची गाणी बाजूला राहू द्या.

पाचवी तक्रार पाठांतराची, आणि ती तरुण संघांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. आता गाण्याचे शब्द भिंतीवर येतात, पवित्र शास्त्र फोनमध्ये असतं. वीज गेली की गाणं थांबतं, चार्जिंग संपलं की शास्त्र मिटतं. महापुरात पहिल्यांदा काय जातं? वीज आणि फोन. दुसऱ्या मजल्यावर अडकलेल्या, अंधारात बसलेल्या कुटुंबाजवळ त्या वेळी जे तोंडपाठ आहे तेवढंच असतं. आमच्या आधीच्या पिढीतल्या बायांना अक्षरओळख बेताची होती, पण उपासना-संगीतातली पदं ओळीनं येत, स्तोत्रं येत, प्रेषितांचा मतांगीकार येत असे. दळताना, पाणी भरताना, बाळंतिणीच्या उशाशी त्या गात.

साताऱ्याला हे वेगळं सांगायला नको. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात येऊन ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. 9 मे 1919 रोजी ते गेले. त्यांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाचा आणि कीर्तनाचा ठेका दिला, कारण टाळ हातात घेऊन म्हणता येतं ते माणसाच्या जिभेवर राहतं. दरबार टिकला नाही, पण पदं टिकली. आज त्यांतली किती आपल्या मुलांना पाठ आहेत? संडे स्कूलमध्ये दर वर्षी पाच स्तोत्रं आणि दहा पदं पक्की पाठ करून घ्या. आजाऱ्याजवळ, मरणाऱ्याजवळ आणि कबरेशी करायच्या तीन छोट्या प्रार्थना प्रत्येक घरातल्या एका तरी माणसाला येतील अशी सोय करा. पाळक पोहोचले नाहीत म्हणून कोणाचं दफन मुक्यानं होऊ नये.

सहावी तक्रार पंचमंडळींना उद्देशून आहे. आपल्या बैठका कशावर खर्च होतात, ते एकदा इतिवृत्तात मोजा. जमिनीचे वाद, भाडेकरूंचे दावे, धर्मादाय आयुक्तांकडचे चेंज रिपोर्ट, निवडणुकीतले गट. मिशनच्या काळात मिळालेली मोठी आवारं आणि दगडी इमारती जपायच्या तर कोर्टकचेरी टळत नाही, हे मला कळतं. पण जी इमारत आपण इतक्या ईर्षेनं जपतो, ती पुराच्या रात्री उघडी असते का? उंचावर असलेलं, भक्कम भिंतींचं, अंगणात हातपंप असलेलं चर्च कुलूपबंद आणि त्याच वस्तीतली माणसं जिल्हा परिषदेच्या शाळेत दाटीवाटीनं, हे चित्र शोभणारं नाही.

काय करता येईल, तेही सांगते. मंडळीची सभासद-वही आहेच. तिच्यात एक पान वाढवा. एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवरचे, गरोदर बाया, दिव्यांग मुलं यांची नावं, पत्ते, रोजची औषधं आणि जवळच्या दोन माणसांचे फोन नंबर त्या पानावर असावेत. प्रत्येक नावासमोर त्याला बाहेर काढण्याची जबाबदारी घेतलेल्या तरुणाचं नाव असावं. पाणी 35 फुटांवर असतानाच या माणसांना हलवायचं, इशारा पातळीची वाट पाहायची नाही, असा ठराव पंचांनी करून ठेवावा. हॉलची किल्ली तीन घरांत असावी आणि ती घरं सगळ्यांना माहीत असावीत. आधार कार्ड, रेशन कार्ड, सातबारा, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवायला महिला मंडळानं घरोघरी जाऊन शिकवावं. ग्रामपंचायतीच्या आणि महापालिकेच्या आपत्ती कक्षाला आपला हॉल उपलब्ध आहे असं लेखी कळवावं. डोंगराकडच्या मंडळ्यांनी दरडीखाली येणाऱ्या घरांची यादी करावी, आणि पूर्वेकडच्यांनी चाऱ्याचा आणि टाकीतल्या पाण्याचा विचार उन्हाळ्याआधीच करावा.

हे सगळं अध्यात्म नव्हे, समाजकार्य आहे, असं कोणी म्हणेल. प्रेषितांच्या कृत्यांचा 11 वा अध्याय त्यांनी वाचावा. अगब नावाच्या संदेष्ट्यानं मोठा दुष्काळ पडणार असल्याचं सांगितलं. अंत्युखियाच्या मंडळीनं काय केलं? कोणाच्या पापानं दुष्काळ येणार, यावर चर्चा केली नाही. प्रत्येकानं ऐपतीप्रमाणे वर्गणी काढली आणि ती बर्णबा आणि शौल यांच्या हाती यहूदीयात पाठवली. भविष्यवाणी ऐकून थैली उघडणारी ती मंडळी होती. पौलाचं गलबत वादळात सापडलं, तेव्हा त्यावर 276 माणसं होती. त्यानं आधी प्रार्थना केली होती, म्हणूनच त्या पहाटे त्याला भान होतं : भाकर मोडली, देवाचे आभार मानले, सगळ्यांना पोटभर खायला लावलं आणि मग जहाज हलकं करायला गहू समुद्रात टाकू दिला. त्या प्रसंगात प्रार्थना कुठं संपली आणि व्यवस्था कुठं सुरू झाली, ते मला वेगळं करून दाखवता येत नाही. म्हणून माझी मागणी आहे, की दर महिन्याच्या एका रविवारचं अर्पण आपत्तीनिधी म्हणून वेगळ्या खात्यात जावं आणि त्याला इमारत-दुरुस्तीसाठी हात लागू नये.

सातवी गोष्ट नाजूक आहे. गेली काही वर्षं ख्रिस्ती माणसाकडे संशयानं पाहण्याचं प्रमाण वाढलं आहे. सांगली जिल्ह्यात तर धर्मांतराच्या आरोपांवरून 2025 मध्ये वातावरण इतकं तापलं, की पाळकांना धमकावणारी भाषा जाहीर सभेत झाली आणि त्याविरुद्ध राज्यभर मोर्चे निघाले. हेही संकटच आहे, आणि त्याचीही तयारी लागते. कोणी हिंसेची भाषा केली तर कायद्याचा आधार जरूर घ्या, संविधानानं दिलेला हक्क ठामपणे मागा. पण आपल्या बाजूनं एक गोष्ट लख्ख असू द्या. पुरातल्या मदतीच्या पाकिटात पत्रकं घालू नका. तांदूळ देताना प्रार्थनेची अट घालू नका. आजारी माणसाच्या अगतिकतेचा उपयोग करू नका. आधी आपल्या मंडळीची यादी, मग इतरांची, असंही करू नका. ज्याच्या घरात पाणी जास्त, त्याचा क्रम पहिला. प्रभूनं सांगितलेल्या दृष्टान्तात जखमीला उचलणारा शोमरोनी त्याचा धर्म विचारत बसला नाही आणि धर्मशाळेचे पैसे देताना अटही घातली नाही.

या बाबतीत आदर्श शोधायला आपल्याला मंडळीबाहेरही बघता यावं. खंडाळा तालुक्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांना मुलाच्या दवाखान्यात पोहोचवत होत्या आणि त्याच रोगानं 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. त्या आपल्या मंडळीच्या नव्हत्या. पण मरणाच्या छायेत शेजाऱ्याजवळ कसं उभं राहावं, हे आपल्या जिल्ह्यांतल्या कोणी शिकवलं असं मला विचाराल, तर त्यांचं नाव मी वानलेस साहेबांच्या बरोबरीनं घेईन.

एक प्रश्न मला नक्की विचारला जाईल : हे सगळं पाळकांनीच करायचं का? नाही. म्हणून हा परिच्छेद माझ्यासारख्या सभासदांसाठी आहे. पाळकाला मानधन वेळेवर द्यायचं नाही, त्याच्या मुलांच्या फीची विचारपूस करायची नाही, आणि संकट आलं की तो कुठं होता म्हणून विचारायचं, हे बंद करू या. करोनात पाळकही आजारी पडले, काही गेले. त्यांच्या कुटुंबांचं पुढं काय झालं, ते किती सभासदांना ठाऊक आहे? यादीतल्या एका म्हाताऱ्या माणसाची जबाबदारी घेणं, घरात रोज संध्याकाळी दहा मिनिटं एकत्र प्रार्थना करणं, मुलांना एक स्तोत्र पाठ करून देणं, शेजारच्या घरी कोणाला कोणती गोळी लागते ते माहीत असणं, याला पाळकसाहेबांची परवानगी लागत नाही.

आपल्या उपासनेच्या वर्षात तयारीचे काळ आधीच घालून दिलेले आहेत. नाताळाआधीचे चार आठवडे प्रभूच्या येण्याची वाट पाहण्याचे. आपण ते तारे, कॅरल आणि फराळात घालवतो. कोयनेचा भूकंप याच आठवड्यांत झाला होता, याची आठवण दर डिसेंबरला व्हायला हवी. पेंटेकॉस्टचा सण मे महिन्यात किंवा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, म्हणजे नेमका पावसाच्या तोंडावर. पवित्र आत्मा उतरल्यावर शिष्य बंद खोलीतून बाहेर पडले, हे त्या दिवसाचं मर्म. तो रविवार आपल्या दोन जिल्ह्यांत तयारीचा रविवार म्हणून पाळता येईल.

तेव्हा आदरणीय पाळकसाहेब आणि पंचमंडळी, या पत्रातल्या सगळ्याच गोष्टी आपल्याला पटतील असं नाही. ज्या पटणार नाहीत त्यांवर मला बोलवा, मी येऊन बसेन. पण येत्या पेंटेकॉस्टच्या रविवारी तीन कामं करा, एवढी विनंती आहे. आपत्तीनिधीचं खातं उघडल्याचं जाहीर करा. हॉलची किल्ली ज्या तीन घरांत असेल, त्यांची नावं वाचून दाखवा. आणि उपासना संपल्यावर कोणालाही घरी न सोडता, मदतीची गरज असलेल्या माणसांची यादी तिथंच बसून पूर्ण करा. यादी झाली, की मगच आशीर्वाद द्या.

आपली ख्रिस्तात नम्र,
मंडळीची एक सभासद,
निवृत्त परिचारिका, मिरज